'लेडी लीडर' म्हणून बोलावलंय. जाऊ की आधी पुढचे कोर्स करू?

कोयनाकाठ

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच.

मी मूळची कराडची, सध्या पुण्यात नोकरी. कॉलेजात असताना सदाशिवगड, वसंतगड अशी सुरुवात झाली. मग एका हौशी संस्थेबरोबर ढाक, कळकराय, तैलबैला. गेल्या वर्षी उत्तरकाशीला निममधून, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेतून, बेसिक केलं, ए ग्रेड मिळाली. तेव्हापासून हेच काम करावं असं मनात आहे. शनिवार-रविवारची हौस पुरे झाली, आता पोटापाण्यासाठी.

एका ट्रेक कंपनीकडून विचारणा झाली आहे. सांधण दरी, ड्यूक्स नोजचं रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), लिंगाणा सुळका अशा त्यांच्या बॅचेस असतात. मुली बऱ्याच येतात आणि घरचे फोन करून विचारतात, सोबत कोणी बाई आहे का? म्हणून त्यांना 'लेडी लीडर' हवी आहे. काम काय, असं विचारलं तर म्हणाले, "मुलींना सांभाळायचं, हजेरी, फोटो, शेवटच्या माणसाबरोबर मागून यायचं. टेक्निकल आमची मुलं बघतात." मानधन बरं आहे.

आईचं म्हणणं, "एवढं शिकून लोकांची दोरी धरत बसणार?" बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त अवघड जातंय.

तर हे धरू, की आधी ॲडव्हान्स आणि एमओआय (शिकवायला शिकवणारा कोर्स) करू? आपल्याकडे बायका हे पूर्णवेळ करतात का खरंच? आणि मनातलं विचारते, सुळक्यावर पुरुष मंडळी मुलीच्या बिलेवर, म्हणजे त्यांचा दोर मुलीने सांभाळलेला असताना, बिनधास्त येतात का?

---

जुनाभटक्या

पोरी, ए ग्रेडबद्दल अभिनंदन. पण जरा कडू बोलतो, राग मानू नकोस.

आम्ही सुळके चढायला लागलो तेव्हा मेखा लोहाराकडून ठोकून घ्यायचो आणि एसटीचं भाडं वर्गणीतून निघायचं. कोणी कोणाला पैसे देत नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाचा गिऱ्हाईक नव्हता. आता लिंगाण्यावर रविवारी रांग लागते. माणसं बांधलेल्या दोरावर जुमारच्या पकडीला लटकून वर जातात आणि खाली येऊन म्हणतात, लिंगाणा केला. या धंद्यात तू आणखी एक होणार.

आणि बायकांना कोणी अडवलंय? आमच्या मोहिमांत तेव्हाही मुली होत्याच की. नोकरी सांभाळ, डोंगर हौसेसाठी ठेव. दोन्ही टिकतील.

---

यशवंती

कोयनाकाठ, आहे तशी ऑफर घेऊ नकोस. बदलून माग.

मी तळेगावला राहते आणि बरीच वर्षं माझं घर याच कामावर चालतं. हिवाळ्यात सुळके आणि कडे, उन्हाळ्यात हिमाचल, पावसाळ्यात शाळांची शिबिरं आणि चढाईच्या कृत्रिम भिंतीवरचे वर्ग. तेव्हा 'बायका पूर्णवेळ करतात का' याचं उत्तर मिळालं. थोड्या आहोत, पण आहोत.

काकांचं पैशाचं नंतर बघू. आधी 'मुलींना सांभाळणं'. ते हलकं काम नाही. रॅपलिंगच्या काठावर थरथरणाऱ्या पोरीला दोन वाक्यांत शांत करणं ज्याला जमतं त्याला मी माझ्या टीममध्ये आधी घेईन. पण फक्त तेवढंच काम घेतलंस तर दोन हंगामांनी काय होईल सांगते. कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाची बस चुकली, कोणाच्या आईचा फोन आला होता, सगळं तुला पाठ असेल. आणि पुढच्या कंपनीने विचारलं, अँकर (दोराचे खडकातले आधार) कोणी लावले, लीड कोणी केलं, म्हणजे पुढे कोण चढलं, तर त्या मुलांची नावं सांगावी लागतील. या क्षेत्रात पुढचं काम तीन गोष्टींवर मिळतं. दोर कोणी बांधला, पुढे कोण गेलं, आणि 'आज इथूनच परत' हे कोण म्हणालं. तुझं नाव या तिन्हीपैकी एकाशी तरी पहिल्या दिवसापासून जोडलेलं हवं.

म्हणून कंपनीला सांग, मुलींकडे बघते, पण रॅपलिंगचं एक स्टेशन माझं. अँकर मी लावणार, तुमचा माणूस तपासणार. त्याचा मी तपासणार. नाही म्हणाले तर त्यांना ताई हवी आहे, लीडर नको, हे तुला तिथेच कळेल.

आता पुरुषांच्या बिलेचं. येतात. पण आधी मान वळवून बघतात. कड्याच्या टोकाशी मी एखाद्याचा हार्नेस तपासते, डिसेंडर (उतरताना दोर धरून ठेवणारं साधन) लावते, बॅकअपची गाठ बघते, आणि तो माझ्या खांद्यावरून मागच्या पोराला विचारतो, "दादा, बरोबर आहे ना?" मागचा पोरगा म्हणजे आठवड्यापूर्वी माझ्याकडून फिगर ऑफ एटची गाठ शिकलेला असतो. पूर्वी डोकं फिरायचं. आता टीमचा नियमच केलाय, तांत्रिक प्रश्न आला की हसायचं आणि ताईकडे बोट दाखवायचं. आणि मी त्या माणसाला अँकर दाखवते. हा एक बोल्ट, हा दुसरा, दोन्हींवर भार सारखा आलाय, एक निसटला तरी दुसऱ्यावर झटका न बसता तू राहशील, आणि शिवाय हा वेगळा दोर, वेगळ्या अँकरवर, माझ्या हातात. एवढं ऐकल्यावर दादाची आठवण कोणाला येत नाही.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो लाजून टाळायचा नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जड माणूस लीड करत असेल आणि पडला, तर बिले करणारी मी उचलली जाते, भिंतीवर आपटते. म्हणून मी जमिनीकडे स्वतःला अँकर करून घेते. हे कमीपणाचं नाही, भौतिकशास्त्र आहे. हडकुळ्या मुलांनीही करायला हवं, करत नाहीत. तसंच वर ओढण्याचं. नव्वद किलोचा माणूस नुसत्या दंडाने कोणीच ओढत नाही, बाहुबली असला तरी. दोर इंग्रजी झेडसारखा फिरवून तीनास-एकची यंत्रणा लावायची. घर्षणात बरंच जातं, पूर्ण तिप्पट फायदा हातात पडत नाही, पण माणूस वर येतो. ही यंत्रणा अंधारात, हातमोजे घालून, कोणी ओरडत असताना लावता आली पाहिजे. तू घरी जिन्याच्या कठड्याला कर सराव. शेजारी बघतील, बघू देत.

आणि त्याहून महत्त्वाचं, ओढायची वेळ येऊ न देणं. रॅपलिंगमध्ये सर्वात जास्त वेळा काय अडकतं माहीत आहे? केस. वेणी पुढे येते, डिसेंडरमध्ये दोराबरोबर ओढली जाते आणि बाई मध्येच लटकते, ना वर ना खाली, सगळं वजन केसांच्या मुळांवर. सैल टी-शर्टचंही तेच. मुलांच्या टीमने घेतलेल्या बॅचमध्ये हे जास्त होतं, कारण त्यांना मुलींना 'केस बांध, हेल्मेटच्या आत घाल' म्हणायचा संकोच वाटतो. मी सरळ हात लावून अंबाडा घालून देते. तरीही रॅपलिंगचा मुख्य दोर अँकरला कायमचा गाठ मारून ठेवायचा नाही. भार असतानाही सोडता येईल अशा मंटर-म्यूल गाठीवर ठेवायचा. कोणी अडकलं की वेगळ्या बॅकअपवर भार घेऊन मुख्य दोर सैल करायचा, आणि दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. तुझ्या त्या कंपनीला विचार, तुमचे दोर रिलीझेबल, असे सोडता येणारे, असतात का? उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघ.

आणखी एक, जे कुठल्याच कोर्सात नीट सांगत नाहीत. मुली लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. लिंगाण्याला मोहरीतून पहाटे निघतात, बोराट्याची नाळ उतरतात, दुपारपर्यंत अर्धी बाटलीसुद्धा संपलेली नसते. मग डोकं दुखणं, गरगरणं, पायात गोळे. सगळे म्हणतात, स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो, पाणी नसतं. चांगल्या हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्या मागून इलॅस्टिकने कमरेला जोडलेल्या असतात आणि तो क्लिप सुटतो. कमरेचा पट्टा आणि दोर तसाच ठेवून बसता येतं, सुरक्षितता कुठेही जात नाही. हे मी सुरुवातीलाच सगळ्यांसमोर, मुलांसमोरसुद्धा, एखादी गाठ शिकवावी तसं शिकवते. पहिली दोन मिनिटं खाकरणं चालतं, मग सगळे पाणी पितात.

कोर्सेसबद्दल. ॲडव्हान्स कर, नंबर लागायला वेळ लागतो, आत्ताच अर्ज भर. तिथे पुन्हा ए ग्रेड आणलीस तरच मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (तेच एमओआय) आणि सर्च अँड रेस्क्यूची दारं उघडतात. पण एक लक्षात घे. ही प्रमाणपत्रं हिमालयातली, आणि तुझं बहुतेक काम बेसाल्टवर. आपला खडक लाव्ह्याच्या थरांचा आहे. एक थर इतका टणक की बोल्टसाठी ड्रिल करताना हात भरून येतो, आणि त्याच्यावर लालसर मातकट पट्टा, जिथे हाताला आलेली पकड हातातच येते. पावसाळ्यात सगळं फुगतं, सुटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्यांदा जाशील तेव्हा गेल्या वर्षीची वाट तीच राहिलेली नसते. वाळलेलं गवत कातळावर तेलासारखं घसरतं. जुन्या मेखा असतात, वरून शाबूत, आत गंजलेल्या. त्यांना हातोडीने वाजवून आवाज ऐकायचा कान लागतो. आणि आग्या मोहोळ. कुठल्या कड्यावर कुठे बसलंय हे दर हंगामाला पायथ्याच्या गावात विचारायचं, आणि बॅचला अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका असं आदल्या दिवशीच कळवायचं. हे उत्तरकाशीत कोण शिकवणार? त्यासाठी एक पूर्ण हंगाम एखाद्या चांगल्या लीडरची सेकंड, हाताखालची जोडीदार, म्हणून काढ. जमल्यास वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा, म्हणजे रानातल्या प्रथमोपचाराचा, आठ-दहा दिवसांचा कोर्सही कर. गाठी चुकल्या तर दुसरा माणूस बघून सांगतो. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला कोकणकड्याच्या खाली चार तास कसं ठेवायचं ते तुलाच यावं लागतं.

निमची आहेस म्हणजे सविता कंसवाल हे नाव तुला सांगायला नको. मे २०२२ मध्ये सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू, आणि त्याच ऑक्टोबरात द्रौपदी का डांडा शिखरावरच्या हिमस्खलनात ती गेली, ॲडव्हान्सच्या मुलांना घेऊन प्रशिक्षक म्हणून वर असताना. नौमी रावतही त्याच दिवशी गेली, तीही प्रशिक्षकच. हे तुला घाबरवायला नाही लिहीत. घरच्यांशी बोलशील तेव्हा 'काही होत नाही गं आई' असं म्हणू नकोस, एवढ्यासाठी. होतं. काय होतं आणि आपण त्यासाठी काय करतो, ते सांग.

आणि 'सोबत बाई हवी' ही मागणी तुच्छ मानू नकोस. पोखऱ्यात छेत्री बहिणी, लकी, डिकी आणि निकी, लॉज चालवायच्या. एकट्या येणाऱ्या परदेशी मुली पुरुष गाइडच्या तक्रारी त्यांना सांगायच्या. त्यातून १९९४ मध्ये त्यांनी स्वतःची ट्रेकिंग कंपनी काढली, बायकांना गाइड म्हणून तयार करायला लागल्या. लडाखात थिनलस चोरोलला ट्रॅव्हल एजन्सीवाले गाइडचं काम देत नव्हते, बाई गाइड कशी चालेल म्हणून. तिने २००९ मध्ये लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी काढली; मालक बाई, गाइड बाया. तुझ्या कंपनीला पालकांचे जे फोन येतायत, त्यामागची 'सोबत बाई हवी' हीच गरज यांनीही ओळखली. फरक एवढाच, की दोर आणि हिशेबाची वही दोन्ही त्यांच्याच हातात होतं.

नोकरी लगेच सोडू नकोस. मानधन दिवसावर मिळतं आणि हंगाम मध्येच तुटतो. मोहोळ उठलं, वणवा लागला, पाऊस लांबला, की रविवार गेला. विम्याचं आधी बघ. साध्या अपघात विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, बारीक अक्षरांत. कंपनीचा विमा फक्त सहभागींचा आहे की लीडरचाही, ते लेखी माग. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे त्यांची नोंदणी आहे का, तेही विचार.

आई म्हणते ते बरोबरच आहे. लोकांची दोरी धरायचंच काम आहे हे. एकदा तिला पुण्यातल्या एखाद्या चढाईच्या भिंतीवर घेऊन जा आणि तू बिले करताना दाखव. बाबांनाही ने.

काका, आता तुमच्याकडे वळते. तुमच्या मोहिमांत मुली होत्या हे मला माहीत आहे. तुमच्या घरी जुने मोहीम अहवाल असतील. त्यात त्या मुलींची नावं कुठल्या रकान्यात आहेत ते जरा काढून बघा.

---

सांधणवाली

यशवंतीताईंनी लिहिलं ते वाचलं. मी भंडारदऱ्याकडची, सांधणच्या बाजूच्या गावातली. माझं बारावी झालंय, मोबाईलवरून लिहिते, चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही सगळे गाइड म्हणता तेव्हा दोरीवालेच धरता. आमच्या इथं बॅच आली की पुरुष वाट दाखवायला जातात आणि बाया चुलीपाशी. पिठलं-भाकरी, ठेचा, चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक, झोपायला घर. वाटाड्याचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि जेवणाचे कमी. मी लहानपणापासून जनावरं घेऊन त्या रानात फिरलेली. माझ्या चुलतभावापेक्षा मला वाटा जास्त माहिती. तरी पहिल्यांदा बॅचला घेऊन निघाले तेव्हा त्यांचा लीडर म्हणाला, वहिनी, भाऊंना पाठवा ना. माझं लग्नसुद्धा झालेलं नाही.

आता मी नेते. दोरी लावत नाही, दोरीवाले त्यांचे येतात. पण आत उतरायचं की नाही ते मी सांगते. सांधण म्हणजे जमिनीला पडलेली भेग आहे, दोन्ही बाजूला उंच भिंती, पळायला जागा नाही. लांब डोंगरावर पाऊस पडला की इकडं ऊन असतानाही पाणी येऊ शकतं. मागं एकदा अवकाळीचे ढग रतनगडाच्या अंगाला चढायला लागले. मी म्हणाले, आज नाही. बॅच मुंबईहून रात्रभर बसने आलेली. त्यांनी मोबाईलवर हवामान दाखवलं, पाऊस शून्य टक्के. मी म्हणाले, मोबाईलला रतनगड दिसतो का? ते दुसऱ्या माणसाला शोधायला गेले. गावात कोणीच तयार झालं नाही, कारण ढग सगळ्यांनाच दिसत होते. मग आमच्याच अंगणात बसून त्यांनी जेवण केलं आणि माझ्यावर राग काढला.

कोयनाकाठताई, तुम्ही लेडी लीडर म्हणून आलात तर एक करा. गावात आल्यावर चुलीपाशी या आणि आम्हा बायांना विचारा, पाणी कुठवर आहे, मोहोळ कुठं आहे. तुमची मुलं फक्त पुरुषांना विचारतात. लाकडं, रानभाज्या, करवंदं आणायला रानात आम्ही जातो.

---

जुनाभटक्या

सांधणवाली, तुझं ढगांचं वाचून बरं वाटलं. मोबाईल बघून डोंगर चढणाऱ्यांना असंच बसवायला हवं.

यशवंती, माळ्यावरून अहवाल काढला. बायकोने विचारलं, आता काय नवीन? दोन नावं आहेत. एक 'भोजन व्यवस्था', एक 'आरोहण साहाय्य'. साहाय्य म्हणजे ती दोन्ही दिवस माझ्या बिलेला होती. मला चांगलं आठवतंय, कारण दुसऱ्या टप्प्यावर ट्रॅव्हर्स करताना, आडवं सरकताना, माझा पाय सुटला होता आणि तिने धरलं होतं. अहवाल कोणी लिहिला ते त्यावर नाही.

पैशाबद्दल माझं मत तेच आहे.

---

यशवंती

काका, 'साहाय्य' हा शब्द फ्रेम करून भिंतीवर लावा.

पैशाबद्दल एवढंच सांगते. फुकट करायला माझीही ना नाही, पण फुकटची हौस कोणाला परवडते? ज्याच्या घरी रविवारी स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं त्याला. मला पैसे मिळायला लागले तेव्हा कुठे घरात 'ती कामावर गेलीय' असं म्हणायला लागले. त्याआधी मी 'उंडारायला' जायचे. आणि गिऱ्हाईक पैसे देतो म्हणूनच मी त्याला हेल्मेट घालायला लावू शकते. मित्राला लावता यायचं नाही, तुम्हीच आठवा.

रांगेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. लिंगाण्यावर एका दिवशी किती बॅच जाव्यात याला कोणीतरी आवर घालायला हवा. वरच्याने दगड पाडला की खालचा कुठे जाणार?

सांधणवाली, तुझ्याकडे पुढच्या वेळी येणार आहे. जेवणाचे आणि वाटेचे पैसे वेगळे माग, लाजू नकोस. मी देणार आहेच.

---

आल्प्सकर

झ्युरिकहून लिहितेय, माहेर नाशिकचं. व्यावसायिक नाही मी, गिऱ्हाईक आहे.

इथे परवानाधारक गाइड बायका अजूनही कमीच. फ्रान्समध्ये पहिली, मार्टिन रोलां, १९८३ मध्ये झाली. स्वित्झर्लंडमध्ये निकोल निक्विल १९८६ मध्ये. ज्या देशात शंभराहून जास्त वर्षं गाइड हा बापाकडून मुलाकडे जाणारा धंदा होता तिथे पहिल्या बाईला एवढा उशीर लागला, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. निक्विलची पुढची गोष्टही विलक्षण आहे. इतक्या वर्षांच्या गिर्यारोहणातून ती सहीसलामत आली आणि १९९४ मध्ये मशरूम वेचायला गेली असताना डोक्यात दगड पडून कायमची जायबंदी झाली. नंतर तिने नेपाळमध्ये लुक्लाला रुग्णालय उभं केलं. नेपाळची दावा यांगझुम शेर्पा २०१८ मध्ये पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची गाइड झाली, तिच्या देशातली पहिली बाई. त्या बिल्ल्याला खडक, हिम-बर्फ आणि स्कीइंग तिन्हींची परीक्षा लागते.

मला सांगायचं ते दुसरंच. झेरमॅटजवळ ब्राइटहॉर्नला गेले होते. चार हजार मीटरवरच्या शिखरांत सोपं मानतात ते. गाइड बाई होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. वारा वाढला, बर्फ उडायला लागला, तिने दोर जवळ घेतला आणि म्हणाली, परत. शिखर समोर दिसत होतं. आमच्यातला एक जर्मन माणूससुद्धा काही बोलला नाही. खाली आल्यावर पूर्ण पैसे दिले, कारण नोंदणी करतानाच लिहिलेलं असतं की मध्येच परत फिरलो तरी दिवसाचे पैसे गाइडचे. सांधणवालीच्या अंगणात जे भांडण झालं ते इथे कागदावर आधीच होऊन गेलेलं असतं.

---

यशवंती

आल्प्सकर, हे फार कामाचं लिहिलंत. आपल्याकडे 'पैसे भरलेत' हे वाक्य मी ढगांपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. माझ्या फॉर्मवर आता ओळ आहे, परत फिरण्याचा निर्णय लीडरचा, पैसे परत नाहीत. ठळक अक्षरांत, सहीच्या अगदी वर. आणि निघायच्या आधी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवते. वाद थांबत नाहीत, पण कड्यावर होण्याऐवजी पार्किंगमध्ये होतात.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काल कंपनीशी बोलून आले.

ड्यूक्स नोजला एक स्टेशन द्यायला तयार झाले. सुरुवातीला त्यांचा टेक्निकल हेड माझे अँकर तपासेल. मी त्याचे तपासणार म्हटल्यावर तो स्वतःच म्हणाला, चालेल, उलट बरं आहे. दोर रिलीझेबल असतात का विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "आता ठेवू." विमा लीडरचाही आहे, कागद पाठवतो म्हणाले, अजून आलेला नाही. ॲडव्हान्सचा अर्ज भरलाय. नंबर लागेपर्यंत नोकरी सोडणार नाही, फक्त शनिवार-रविवार.

एका गोष्टीवर मात्र अडलं. परत फिरायचं कोण ठरवणार, असं विचारलं. मालक म्हणाले, "आम्ही ऑफिसमधून कोऑर्डिनेट करतो, तुम्ही फोन करा, आम्ही सांगू." आणि पोस्टरवर मात्र माझा फोटो 'लीडर' म्हणून टाकायचाय त्यांना, या महिन्यापासूनच. हे चालवून घेऊ का? बाकी सगळं तर मिळालंय.

आईला रविवारी भिंतीवर नेलं. तिने एकच विचारलं, "तू खाली बांधलेली का आहेस?" म्हटलं, समोरचा जड आहे म्हणून. तर म्हणाली, "मग त्याला जेवण कमी कर म्हणावं."

---

यशवंती

आई जबरदस्त आहे तुझी.

पोस्टरचं नाही चालवून घ्यायचं. फोटो लीडरचा आणि निर्णय ऑफिसचा, तर काही झालं की पोलीस आणि पालक पोस्टरवरचा चेहरा शोधत येतील. ड्यूक्स नोजजवळच्या कुरवंड्याच्या वर रेंज कधी येते, कधी जाते; फोन लागेपर्यंत दगड थांबत नाही. त्यांना लिहून पाठव, मेलवर, तोंडी नको: जागेवरचा लीडर कोण ते बॅचच्या कागदावर नावाने लिहा, परत फिरायचा शब्द त्याचा. ते नाव तुझं असलंच पाहिजे असं नाही. सुरुवातीला त्या टेक्निकल हेडचं असू दे, माणूस ठीक वाटतोय. तोवर पोस्टरवर तू 'टेक्निकल टीम'. स्टेशनचं मात्र सोडू नकोस. आणि विम्याचा कागद हातात आल्याशिवाय पहिली बॅच घेऊ नकोस.

त्यांचं उत्तर शुक्रवारपर्यंत आलं नाही, किंवा गोलमाल आलं, तर रविवारी माझ्याकडे तैलबैल्याला सेकंडची जागा रिकामी आहे. पहाटे चारला तळेगावातून निघतो. हार्नेस आणि हेल्मेट स्वतःचं आण, माझ्याकडचे सगळे मोठ्या मापाचे आहेत.